म्बाह सिंगोंना हलवलं तो दिवस

नदी काठ खायला लागली त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी केळीची बेटं गेली, दुसऱ्या वर्षी बांबूचं रान गेलं, आणि यंदा रुवाहचा महिना लागला तेव्हा म्बाह सिंगोंची कबर आणि पाणी यांच्यात जेमतेम अकरा पावलं जमीन उरली होती. रमजानच्या आधीचा हा महिना मेलेल्यांचा. घरोघरी कबरी साफ करायच्या, तांदळाच्या पिठाचे अपेम भाजायचे, पूर्वजांची नावं घेऊन दुआ मागायची. बाकीचे लोक वर्षातून एकदा कबरीकडे फिरकत. कास्मिजानला मात्र बारा महिने झाडू मारावा लागे. गावच्या मूळपुरुषाच्या कबरीचा तो राखणदार होता. आधी त्याचा बाप होता, त्याच्या आधी बापाचा बाप. सहासष्टावं वर्ष लागलं होतं, गुडघे कामातून गेले होते, आणि वाकून झाडायला लागलं की पाठीतून अशी कळ यायची की थोडा वेळ कबरीजवळच्या वडाला टेकून उभंच राहावं लागे.

म्बाह म्हणजे आजोबा. हे साऱ्या केडुंगसारी गावाचे आजोबा. कुऱ्हाड घेऊन आले, रान तोडलं, पहिलं घर बांधलं आणि पहिली बांगही त्यांनीच दिली, असं गाव सांगे. माणूस ताडासारखा उंच होता म्हणून कबर तीन मीटर लांब. लग्न ठरलं, भात लावायचं झालं, तान्हं मूल रडायचं थांबेना, कुणाची पोर कामाला तैवानला निघाली, की आधी म्बाहना कळवायचं. म्हणजे कास्मिजानला कळवायचं. मग तो उशाच्या दगडापाशी ऊद जाळी, गुलाब आणि चाफा वाही, फातिहा म्हणे आणि त्यानंतर जावा बेटावरच्या आपल्या बोलीत म्बाहना सगळं सांगे. मागे बसलेली माणसं विचारत, काय म्हणाले म्बाह? कास्मिजान थोडा वेळ गप्प बसे आणि त्याला जे शहाणपणाचं वाटे ते सांगे. पोरीला यंदा नको, पुढच्या वर्षी पाठवा. भावाशी बोलणं सुरू करा. मुलाला आधी दवाखान्यात न्या.

खरं सांगायचं तर एकतीस वर्षांत म्बाह त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. बापाच्या स्वप्नात ते यायचे. बाप दचकून उठायचा, पाणी मागायचा आणि सकाळी सगळ्यांना सांगायचा. कास्मिजानच्या स्वप्नात कधी म्हैस आली, कधी मेलेली बहीण आली, म्बाह कधी आले नाहीत. सुरुवातीला त्याला त्याचं वाईट वाटे. मग भीती वाटू लागली की लोकांना कळेल. आता इतक्या वर्षांनी नुसता थकवा उरला होता. कुणी दाराशी आलं की वाटे, पुन्हा आता बसायचं, पुन्हा गप्प राहायचं, पुन्हा काहीतरी सांगायचं.

कबर हलवायची हे गावच्या सभेत ठरलं. सरपंचीणबाई बू एंडाह यांनी विषय काढला आणि कुठे हलवायची यावरून दोन तास गेले. शेवटी मुस्लिह उभा राहिला. मुस्लिह गावचा मोदिन. मशिदीत बांग देणं, मयत धुणं, जनाजा, जेवणावळीतली दुआ, सगळं त्याच्याकडे. तो म्हणाला, मशिदीच्या मागे आंब्याखाली जागा आहे, तिथं आणू. म्हातारे कुरकुरले की मशिदीच्या भिंतीआड म्बाहना ऊद मिळायचा नाही. शहरातल्या मदरशात शिकून आलेली चार-पाच तरुण माणसं त्याहून जास्त कुरकुरली, की मशिदीच्या अंगणात धुपाचा धूर कशाला? मुस्लिहनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि नदी कुणाचंच ऐकत नाही एवढं बोलून तो खाली बसला. त्याचाही चेहरा त्या दिवशी ओढलेला होता.

मग सगळे कास्मिजानकडे वळले. म्बाहची परवानगी काढायला हवी. त्यानं रिवाजाप्रमाणे तीन रात्री कबरीशेजारी काढल्या. डासांनी फोडून काढलं, खोकला घेऊन परत आला, आणि चौथ्या दिवशी त्यानं गावाला सांगितलं की म्बाह तयार आहेत. हे सांगताना त्याला काहीच वाटलं नाही. नदी अकरा पावलांवर आलेली असताना कोण नाही म्हणेल?

आणखी एक ठरलं होतं. हाडांना राखणदार आणि मोदिन यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही.

म्हणून त्या गुरुवारी, पहाटेची नमाज उरकल्यावर, ही दोन म्हातारी माणसं कुदळ-फावडं घेऊन वडाखाली आली. चार बांबू रोवून भोवती पांढरं कापड बांधलेलं होतं. गाव नऊ वाजता जमणार होतं. तिकडे बू एंडाहच्या अंगणात बायका पहाटेपासून चुलीपाशी होत्या. कास्मिजानची बायको पोनियेम अपेमच्या तव्यावर होती आणि घरून निघताना तिनं बजावलं होतं, की खड्ड्यात उतरताना मुस्लिहला आधी उतरू दे, त्याचे गुडघे बरे आहेत.

उशाचा आणि पायथ्याचा असे दोन्ही दगड काढून त्यांनी खणायला घेतलं. उत्तरेकडून मुस्लिह, दक्षिणेकडून कास्मिजान. मुसलमानाची कबर उत्तर-दक्षिण असते. डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला काब्याकडे. तेव्हा डोकं मुस्लिहच्या बाजूला सापडेल आणि पाय कास्मिजानच्या, असा हिशोब होता.

कमरेइतकं खणून झालं तरी मुस्लिहच्या बाजूला काही लागेना. तो फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला.

"तीन मीटर म्हणे," तो म्हणाला. "कुणी मोजलं होतं रे कांग, तुझ्या बापानं?"

"बापाला त्याच्या बापानं सांगितलं."

"तुमच्या घराण्यात कुणाला आखूड बोलायचं माहीतच नाही."

"तुझ्या घराण्यात कुणाला आखूड दुआ मागायची माहीत नाही. लोक उपाशी बसतात."

कांग म्हणजे थोरला भाऊ. मुस्लिह दोन वर्षांनी धाकटा. दोघांचे बाप असेच एकजण राखणदार नि एकजण मोदिन, आणि ही दोघं पोरं जेवणावळीतल्या कोंबड्याच्या तंगडीवरून भांडत मोठी झालेली. दोघं हसले आणि हसता हसता दोघांनाही धाप लागली.

साडेसातच्या सुमारास फावडं कशाला तरी लागलं, तेही मधोमध. मुस्लिहनं हातानं माती बाजूला केली. मांडीचं हाड होतं, पिवळट, चहाच्या रंगाचं. पण ते खड्ड्याच्या लांबीला धरून नव्हतं, आडवं होतं. एक टोक पूर्वेच्या भिंतीत शिरत होतं. शेजारी दुसरं, तसंच आडवं. दोघांनी दोन्ही बाजूंनी खड्डा रुंद केला. त्याला आणखी अर्धा तास गेला. पश्चिमेच्या बाजूला कवटीचा तुकडा आणि दात निघाले, पूर्वेच्या बाजूला नडगीची हाडं. मधे एक मातीचं छोटं मडकं चेपून पडलेलं, आणि मनगटाच्या जागी हिरवट पडलेलं काशाचं कडं.

माणूस उताणा झोपवलेला होता. पाय पूर्वेला, डोंगराकडे, जिथून सूर्य वर येतो तिकडे. आणि उंचीनं कास्मिजानच्या खांद्याइतकाही भरला नसता.

मुस्लिह खड्ड्यातच मातीवर बसला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कापडाबाहेर नदीचा आवाज येत होता.

कास्मिजानला आधी हसू आलं. एकतीस वर्षं तो त्या उत्तरेच्या दगडाशी फुलं वाहत आला होता, तिथंच वाकून बोलत आला होता, आणि तिथं नुसती माती होती. म्हाताऱ्याचं डोकं दुसरीकडेच. मग हसू ओसरलं आणि त्याला त्या बुटक्या माणसाबद्दल काहीतरी वाटलं जे आजवर कधी वाटलं नव्हतं. मोठ्या, ताडमाड, पहिली बांग देणाऱ्या म्बाहचा त्याला धाक होता. याचा धाक वाटेना. याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, पोनियेमच्या भावाचे आहेत तसे.

"हा आपल्यातला नाही," मुस्लिह अखेर म्हणाला.

"आपल्यातलाच आहे. दात बघ."

"मी काय म्हणतो ते तुला कळतंय."

कास्मिजानला कळत होतं. बांग या गावात पोचायच्या आधीचा हा माणूस. त्याला त्याच्या लोकांनी त्यांच्या रीतीनं ठेवलं. मागून आलेल्यांनी वर आपले दगड रोवले, आपल्या दिशेनं रोवले, आणि त्याला नाव दिलं.

मुस्लिह हळू आवाजात बोलत राहिला. ती मदरशातली मंडळी गेल्या शुक्रवारीच त्याला म्हणाली होती, की मोदिनबाबा, मशिदीच्या मागे कोणाला आणताय ते एकदा बघून आणा. त्यांना हे कळलं तर ती म्हणतील टाका नदीत. म्हाताऱ्यांना कळलं तर ते म्हणतील मोदिननं मुद्दाम खोटं पसरवलं, म्बाहना बाटवलं. आणि त्याला स्वतःला विचाराल तर ज्याची जनाज्याची नमाज झाली की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो चाळीस वर्षं दुआ मागत आला होता आणि आता काय करायचं हे त्यानं शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शेवटी म्हणाला, दमलो मी. सगळ्यांची तोंडं सांभाळून दमलो.

कास्मिजाननं कमरेची लवंगेची सिगरेट काढून पेटवली, दोन झुरके मारून त्याच्याकडे दिली. मग त्याच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याशी हा कधी बोललाच नाही, मुस्लिह. एकदाही नाही. मी सगळं मनचं सांगायचो."

मुस्लिहनं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता, नवलही फारसं नव्हतं. त्यानं धूर सोडला.

"त्या तीन रात्रीसुद्धा?"

"डास."

मुस्लिहनं मान हलवली. सिगरेट संपेपर्यंत तो त्या हाडांकडे पाहत बसला. मग उठला, टोपी घातली आणि कामाला लागल्यासारखा बोलला.

"जनाज्याची नमाज आज पढायची नाहीच. ती माणसाची एकदाच असते, नुसतं हलवताना पढत नाहीत. आज नुसती दुआ. मी गावच्या सगळ्या मेलेल्यांसाठी मागतो. त्यात हा आला तर आला. ज्याला कुणी धर्म सांगायला गेलंच नव्हतं त्याच्याकडून अल्ला काय जाब घेणार?"

"आणि कुणी विचारलं तर?"

"कापडात बांधल्यावर कोण विचारतं?"

त्यांनी कफनाचं पांढरं कापड अंथरलं आणि एकेक हाड उचलून, फुंकर मारून, त्यावर ठेवलं. मडक्याचे तुकडेही घेतले. कडं उरलं. कास्मिजान थांबला. कफनात काही ठेवत नाहीत हे त्यालाही माहीत होतं, आणि तरी ते आत ठेवायची गोष्ट आपण काढावी असं त्याला वाटेना. मुस्लिहनंच ते उचललं, आपल्या लुंगीला घासून पुसलं, थोडं चमकलं तसं उलटसुलट करून पाहिलं, आणि हाडांच्या मधे ठेवून दिलं.

"त्याचं त्याच्यापाशी राहू दे," तो म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

नऊला गाव जमलं. आठ माणसांनी उचलायची तिरडी करून आणली होती, आणि वर ठेवायला निघालं ते कुशीतल्या लेकराएवढं गाठोडं. बू एंडाह जवळ येऊन हळूच म्हणाल्या, एवढंच? कास्मिजान म्हणाला, एवढंच उरलंय, बू. ते खोटं नव्हतं. कुणी आणखी विचारलं नाही. उलट दोन-तीन बायका डोळे पुसायला लागल्या, की एवढा मोठा माणूस आणि बघा. डफ वाजायला लागले, पुरुषांनी कलमा म्हणायला सुरुवात केली, मिरवणूक भाताच्या बांधांवरून मशिदीकडे निघाली. मदरशातली मंडळी मागून चालत होती, ओठ मिटून. पण चालत होती. कास्मिजान पुढे छत्रीखाली होता. त्याला फक्त पायाखालचा बांध दिसत होता आणि किती उरला ते.

आंब्याखाली खड्डा तयारच होता, तीन मीटर लांब, उत्तर-दक्षिण, कडा दोरी लावून सरळ कापलेल्या. रिवाजाप्रमाणे आत राखणदारानं उतरायचं. दोन तरण्या माणसांनी बगलेत धरून त्याला खाली सोडलं. मुस्लिह कडेला गुडघे टेकून गाठोडं खाली देण्यासाठी वाकला आणि त्याच्या कानाशी पुटपुटला.

"कांग, कसं ठेवायचं ते तू बघ. मी डोळे मिटून वाचणार आहे."

वर त्यानं सुरुवात केली आणि गाव त्याच्यामागून म्हणू लागलं. ला इलाहा इल्लल्लाह, पुन्हा ला इलाहा इल्लल्लाह, एका लयीत, झोके घेत. खड्ड्यावर रिवाजाप्रमाणे कापड ताणून धरलेलं होतं, खाली ओल्या मातीचा वास होता आणि गारवा होता. कास्मिजान गाठोडं मांडीवर घेऊन बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की पहाटेपासून आपण पहिल्यांदाच नीट बसलो.

येताना त्याचं ठरलं होतं, की उत्तर-दक्षिण ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. सगळं गाव ज्या अंगावर झोपतं त्या अंगावर यानंही झोपावं, मग कुणी काही म्हणणार नाही, पुढच्यांनाही त्रास नाही. पण मांडीवर ते वजन घेतल्यावर त्याचं मन होईना. या माणसाला कितीतरी पिढ्यांनी हाका मारल्या. लग्न, पेरण्या, रडकी पोरं. कुणालाच त्यानं उत्तर दिलं नाही, कारण त्याला मुळी कुणी विचारून हे काम दिलंच नव्हतं. तो झोपला होता. आज आपण त्याला उठवून इथवर आणला, तेवढं पुरे झालं.

त्यानं गाठ सोडली. खड्डा रुंदीला हातभरच होता, अख्खा माणूस आडवा मावला नसता. पण सुटी हाडं मावत होती. कवटीचा तुकडा पश्चिमेच्या भिंतीला लावला, नडग्या पूर्वेला. मधे बाकीचं, त्यावर कडं. एकेक हाड चाचपून लावत होता, म्हणून वेळ लागत होता. वर जप एकदा संपायला आला असं वाटलं, आणि मग मुस्लिहनं आवाज चढवून तो पुन्हा पहिल्यापासून धरला. लोकांनीही धरला. कास्मिजाननं कापड वर ओढून नीट खोचलं, माती थेट हाडांवर पडू नये म्हणून फळ्या तिरक्या लावल्या आणि हात वर केला.

त्याला बाहेर ओढायला चार माणसं लागली. त्यातला एक मदरशातला होता. त्यानं कास्मिजानच्या पाठीवरची माती झाडली आणि म्हणाला, म्बाह, सावलीत बसा. कास्मिजान बसला. मुस्लिहची दुआ त्या दिवशी खरोखर आखूड झाली. मग भाताचा उंच सुळका आला, अखंड शिजवलेले कोंबडे आले, केळीच्या पानात अपेम आले, आणि लोक जेवायला बसले. मुस्लिहनं एक तंगडी मोडून न विचारता त्याच्या पानात टाकली. खड्ड्यात काय केलंस हे त्यानं तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

जेवणानंतर कास्मिजाननं बू एंडाहना गाठून सांगितलं की आता झाडू दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्या म्हणाल्या, म्हणजे म्बाह सिंगोंचा निरोप का? तो म्हणाला, नाही, माझ्या गुडघ्यांचा. त्या हसल्या, मग त्याचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या, आणि बघते म्हणाल्या.

दुपारी घरी पोनियेम त्याच्या पायांना तेल चोळत होती. तीही सकाळपासून तव्यापुढे वाकून आंबून गेली होती, बोटं भाजलेली होती. त्यानं तिला सांगून टाकलं की म्बाह आपल्याशी कधी बोलले नाहीत. हाडांचं मात्र सांगितलं नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. मामंजी स्वप्न पडलं की घामानं भिजून उठायचे. तुम्ही घोरता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं होतं? लोक यायचे तुमच्याकडे रडत आणि जायचे ते बरे होऊन जायचे." तिनं दुसरा पाय पुढे ओढला. "हा सरळ करा. आणि आता झोपा जरा."

तो झोपला, संध्याकाळची बांग झाली तरी उठला नाही, आणि तिनंही उठवलं नाही.

नव्या राखणदाराचा शोध रमजानभर चालला. कुणी तयार होईना. कुणाला वेळ नव्हता, कुणाला भीती होती, कुणाला मदरशातल्या मंडळींची बोलणी नको होती. शेवटी कुणी ठरवलं असं काही झालं नाही, आपोआपच झालं. मशिदीचं अंगण झाडायला मुनावार नावाचा एक माणूस होता. आंब्याखालची जागा अंगणातच येत होती. झाडता झाडता तो म्बाहच्या कबरीवरची पानंही ओढून न्यायला लागला. ऊद कमी झाला, पण थांबला नाही. गुरुवारी सकाळी कुणीतरी बाई यायची, एक चिमूट जाळून, फुलं ठेवून, फातिहा म्हणून जायची, आणि मुनावार धूर संपेपर्यंत पलीकडची बाजू झाडत राहायचा.

लोक कास्मिजानच्या दाराशी येईनासे झाले. काही दिवस त्याला ते चुकल्यासारखं वाटलं. मग तो दुपारी दार उघडं टाकून झोपू लागला. पाऊस सुरू झाल्यावर नदीनं जुन्या जागेचा उरलेला तुकडा वडासकट एका दुपारी नेला. बरीच माणसं बघायला गेली. कास्मिजान गेला नाही. तो तेव्हा आंब्याखाली फरशीवर पाय सोडून बसला होता, पूर्वेकडे तोंड करून, कारण तिकडून वारा बरा येत होता. पाऊस वाढला तसं मुस्लिहनं मशिदीतून हाक मारून आत बोलावलं. तो म्हणाला, आलो, आणि तरी थोडा वेळ तसाच बसून राहिला.